ब्रेक नसलेली गाडी : जलस्कूटर आणि खवळलेले पाणी

गेल्या डिसेंबरात आमच्या वर्गाची सहल मालवण-तारकर्लीला गेली होती, हे आमच्या वर्गाने साऱ्या कॉलेजला इतक्या वेळा सांगितले आहे की ते पुन्हा सांगण्याची गरज नाही. पण त्या सहलीतला एक प्रसंग सांगितल्याशिवाय या लेखाची सुरुवात होणार नाही. दुपारनंतर वारा सुटला होता आणि पाणी बारीक बारीक लाटांनी भरून गेले होते. तशात आमची कन्नड विभागातली एक मैत्रीण जलस्कूटरवर बसली. जिला आपण जेट स्की म्हणतो तीच ही पाण्यावरची मोटारसायकल. मागे चालक बसला होता म्हणून बरे! परत आली ती नखशिखांत भिजलेली आणि रागावलेली.

"अगं, हँडल फिरवलं की मी! तरी हे सरळच जातंय की!" ती म्हणाली.

सगळे हसले. मी मात्र हसले नाही. कारण हेच वाक्य तीन वर्षांपूर्वी मी स्वतः बोलले होते, आणि तेही समुद्रावर नव्हे तर इंदूरच्या बाजूला, जिथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. त्या रात्री वाळूत बसून मी तिला जे समजावून सांगितले, तेच लिहून द्यावे असा मासिकाच्या संपादक मंडळाचा आग्रह पडला. म्हणून हा खटाटोप.

इंदूर हे माझे आजोळ. होळकरांच्या या गावात मराठी माणसांची घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. माझ्या मामांचे घर रामबागेत असून त्यांचे स्वतःचे गॅरेज आहे. मे २०२२ मध्ये बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन मी पुण्याला गाडी बदलून इंदूरला पोचले, तेव्हा त्या गॅरेजात दोन स्कूटर आणि एक बुलेट यांच्या मध्ये ट्रॉलीवर एक अजब वाहन बसलेले होते. ना चाके, ना ब्रेक, ना सायलेन्सर दिसेल अशा जागी. मामांच्या एका गिऱ्हाइकाची इंदिरा सागर जलाशयाच्या काठी शेती होती. त्यांनी कुठूनतरी ही जुनी जलस्कूटर विकत घेतली होती आणि आता तक्रार अशी की, सकाळी पाणी शांत असले की ती गायीसारखी चालते, आणि दुपारी वारा सुटला की बैलासारखी उधळते.

"इंजिन आहे ना, मग उघडून बघू," मामा म्हणाले. हे त्यांचे सर्व प्रश्नांवरचे उत्तर आहे.

जलस्कूटर चालते कशी?

ही कल्पना दोन माणसांच्या खटपटीतून आपल्यापर्यंत आली. न्यूझीलंडमध्ये बिल हॅमिल्टन नावाचे एक शेतकरी व यंत्रज्ञ होते. तिथल्या नद्या उथळ आणि गोट्यांनी भरलेल्या, त्यामुळे बोटीचा खाली लोंबणारा पंखा दगडावर आपटून मोडायचा. १९५० च्या दशकात त्यांनी पंखा बोटीच्या पोटात बसवला आणि पाण्याचा झोत मागे फेकून बोट चालवली. पुढे अमेरिकेत क्लेटन जेकबसन या मोटारसायकल शर्यतपटूने पाण्यावर चालणाऱ्या मोटारसायकलचा ध्यास घेतला. १९६८ साली कॅनडातल्या बॉम्बार्डिए कंपनीने, आणि १९७३ साली जपानच्या कावासाकी कंपनीने अशी वाहने बाजारात आणली. ‘जेट स्की’ हे खरे तर कावासाकीचे व्यापारी नाव आहे. वनस्पती तुपाला आपण डालडा म्हणतो, तसे ते साऱ्या जातीला चिकटले.

मामांनी यंत्र उलटे टेकवून मला तळ दाखवला. तळाशी जाळी असलेले एक तोंड असते. त्यातून पाणी आत ओढले जाते. आत इंजिनाच्या दांड्यावर फिरणारा पंखा असतो, त्याला इंपेलर म्हणतात. तो पाणी मागे रेटतो. त्याच्या मागच्या स्थिर पात्या पाण्याचा भोवरा मोडून त्याला सरळ करतात आणि शेवटी नोझलच्या अरुंद तोंडातून पाणी वेगाने बाहेर पडते. बागेच्या नळीचे तोंड अंगठ्याने दाबले की धार लांब जाते, तसाच हा प्रकार. पाणी मागे जाते म्हणून यंत्र पुढे जाते. न्यूटनचा तिसरा नियम आपण परीक्षेत लिहितो, तो येथे माणसाला पाठीवर घेऊन पळतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. या यंत्राला सुकाणू नाही. हँडल फिरवले की मागचे नोझल उजवी-डावीकडे वळते व पाण्याची धार तिरपी जाते. त्या धारेच्या उलट धक्क्याने यंत्राचा मागचा भाग बाजूला ढकलला जातो आणि तोंड वळते. म्हणजे वळण्याचे सारे बळ त्या धारेत आहे. धार बंद झाली की हँडल हे नुसते धरायचे दांडके उरते! सायकलचे पॅडल मारणे थांबवले तरी सायकल वळते, कारण चाक रस्त्याला धरून असते. केवटाची नाव वल्हे थांबले तरी सुकाणूने थोडीफार वळते. जलस्कूटर मात्र रेस सोडली की जिकडे तोंड असेल तिकडेच घसरत जाते. माझ्या मैत्रिणीच्या रागाचे उत्तर यातच आहे, पण ते पुरते समजायला थोडे पुढे जावे लागेल.

खवळलेले पाणी काय करते?

इंदिरा सागर हे नर्मदेवरचे धरण खंडवा जिल्ह्यात पुनासाजवळ आहे. त्याचा जलाशय पूर्ण भरला म्हणजे नऊशे चौरस किलोमीटरहून अधिक पसरतो. २००४ साली हरसूद नावाचे नांदते गाव याच पाण्यासाठी उठवले गेले. उन्हाळ्यात पाणी उतरले की बुडालेल्या झाडांची खोडे काळ्या हातांसारखी वर येतात.

लाट किती मोठी होणार हे तीन गोष्टींवर ठरते : वाऱ्याचा वेग, वारा किती वेळ वाहतो, आणि पाण्यावरून तो किती अंतर मोकळा धावतो. नर्मदा पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते, म्हणून हा जलाशयही त्या दिशेने लांबट आहे. मे महिन्यात दुपारचा वारा पश्चिमेकडून येतो आणि जलाशयाच्या लांबीवरून धावत सुटतो. समुद्रावरच्या लाटेसारख्या या लाटा लांबलचक नसतात. त्या बुटक्या, उभट आणि एकीच्या पाठीला लागून दुसरी अशा येतात. बैलगाडीला मोठा चढ-उतार चालतो, पण खडीचा रस्ता हाडे खिळखिळी करतो. हे पाणी म्हणजे खडीचा रस्ता.

अशा पाण्यात जलस्कूटरला तीन रोग होतात.

पहिला रोग म्हणजे दम तुटणे. वेगात जाताना हे यंत्र पाण्यात बुडून चालत नाही, पाण्यावर चढून चालते. चपटा दगड तिरपा फेकला की तो पाण्यावर टप्पे घेत जातो, तसे. तळाचा फक्त मागचा थोडा भाग पाण्याला टेकलेला असतो, आणि पाणी ओढणारे तोंडही तिथेच आहे. लाटेवरून यंत्र उसळले की तोंडात पाण्याऐवजी हवा जाते. पंख्याला रेटायला काहीच उरत नाही, इंजिन किंचाळते, आणि खाली आपटल्यावर पाणी पुन्हा मिळताच एकदम हिसका बसतो. तेवढ्या क्षणापुरती धार नाही, म्हणजे वळणेही नाही.

दुसरा रोग म्हणजे डोलणे. विशिष्ट वेगाला यंत्राचे नाक वर-खाली, वर-खाली होऊ लागते. लाकडी झुलता घोडाच! यंत्राला वर उचलणारा पाण्याचा दाब आणि यंत्राचे वजन यांचा मेळ जमला नाही की हा खेळ सुरू होतो, आणि लाटा त्याला झोका देत राहतात.

तिसरा रोग म्हणजे घसरणे. वळताना मागचा भाग पाण्याला न धरता आडवा सरकतो, किंवा नाक लाटेत रुतून यंत्र गर्रकन फिरते आणि स्वार मात्र सरळ पुढे जातो. हा प्रयोग मी स्वतः दोनदा करून पाहिला.

मामांचे उपचार

या रोगांवर बाजारात निरनिराळे सुटे भाग मिळतात. मूळ कंपनी यंत्र बनवते ते सर्व प्रकारच्या पाण्यासाठी आणि सर्व प्रकारच्या माणसांसाठी. ज्याला विशिष्ट पाण्यात चालवायचे आहे, तो हे भाग घेऊन आपल्यापुरता बदल करतो. गिऱ्हाइकाने अशा भागांची एक पेटीच मागवून ठेवली होती आणि ती सारी एकदम बसवून द्या, असा निरोप होता. मामांनी पेटी उघडलीसुद्धा नाही.

"आधी दुरुस्ती, मग सुधारणा. गळक्या छपरावर रंग देत नाहीत," ते म्हणाले.

पंख्याभोवती एक कडे असते. पंख्याची पाती आणि हे कडे यांच्यात अगदी बारीक फट असावी लागते. कडे झिजून फट वाढली की रेटलेले पाणी मागे झिरपते आणि जोर कमी होतो. आमच्या यंत्राचे कडे झिजलेले होते. शिवाय पंप व तळ यांच्या सांध्यातले सील फाटले होते, त्यातून पाण्याबरोबर हवा आत शिरत होती. म्हणजे शांत पाण्यातही बिचाऱ्याला दमा होता, खवळलेल्या पाण्यात तो उठून दिसला इतकेच. नवे कडे, नवे सील, सियागंजातून आणलेले स्टेनलेसचे बोल्ट, आणि पोटात साचलेले बादलीभर पाणी बाहेर, एवढ्यानेच अर्धा रोग गेला. सुटे भाग विकत घेऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट लक्षात ठेवावी. ज्याला आपण ‘नवा भाग हवा’ समजतो, तो पुष्कळदा ‘जुना भाग झिजला’ असा प्रकार असतो.

मग पेटी उघडली. मामांचा नियम असा की एका वेळी एकच बदल करायचा. भाग बसवायचा, पाण्यावर न्यायचे, त्याच पट्ट्यात त्याच वेळी चालवायचे आणि वहीत लिहायचे. प्रयोगशाळेत आम्हाला जे शिकवतात ते माझे दहावी शिकलेले मामा कोणी न शिकवता करीत होते. आम्ही सिमरोळचा घाट उतरून, मोरटक्क्याला नर्मदा ओलांडून सनावदमार्गे जलाशयावर जात असू. त्या मे महिन्यात अशा चार खेपा झाल्या. वही माझ्या हाती होती, म्हणून पुढील तपशील देऊ शकते.

पहिला बदल तोंडाच्या जाळीचा. मूळ जाळीचे गज साधे सरळ होते. नव्या जाळीला खाली झुकलेली एक पाती होती. ती पाण्याला ओंजळीसारखी धरून आत वळवते. त्यामुळे यंत्र थोडे उसळले तरी पंपाला पाणी मिळत राहते. फरक लगेच कळला, किंचाळणे निम्म्यावर आले. पण प्रत्येक औषधाला पथ्य असते. ही पाती पाण्यात ओढली जाते म्हणून शांत पाण्यातला सर्वांत जास्त वेग थोडा घटतो, आणि शेवाळ-काटक्या तिच्यात जास्त अडकतात. बुडालेल्या जंगलावरच्या पाण्यात हे पथ्य लहान नाही. दोनदा इंजिन बंद करून मामांना पाण्यात उतरावे लागले.

दुसरा बदल पंपाखालच्या पट्टीचा. तळाच्या अगदी मागे पंपाखाली एक सपाट धातूची पट्टी असते. ती लांब असली की मागच्या बाजूला पाण्याचा आधार वाढतो, नाक खाली राहते आणि डोलणे कमी होते. आखूड असली की नाक मोकळे होते, सपाट पाण्यात वेग वाढतो, पण लाटांत घोडा झुलू लागतो. पेटीतली पट्टी आमच्या यंत्राला बसेना, म्हणून मामांनी ओळखीच्या खराद्याकडून ॲल्युमिनियमची थोडी लांब पट्टी करवून घेतली. ती इतकी गुळगुळीत घासून घेतली की मामी म्हणाल्या, "एवढं प्रेम घरच्या तव्यावर केलं असतंत तर!"

तिसरा बदल बाजूच्या पंखांचा. यंत्राच्या मागच्या भागाला दोन्ही बाजूंनी पट्ट्यांसारखे पंख असतात. वळताना यंत्र कलते तेव्हा आतल्या बाजूचा पंख पाण्यात रुतून पकड धरतो आणि मागचा भाग आडवा सरकत नाही. नवे पंख जास्त खोल होते आणि त्यांना वर-खाली करण्यासाठी छिद्रे होती. खाली बसवले की पकड जास्त, वर बसवले की यंत्र मोकळे. आम्ही प्रथम सर्वांत खालच्या छिद्रात बसवले. पकड अशी बसली की वळणावर यंत्र थांबले आणि मी पुढे गेले! (हा त्या दोन प्रयोगांपैकी दुसरा.) मग मधल्या छिद्रावर तडजोड झाली. फार पकड हीदेखील न-पकडीइतकीच वाईट, हे वहीत माझ्या अक्षरात लिहिलेले आहे.

चौथी गोष्ट विकतची नव्हती, यंत्रातच होती. नोझल थोडे वर किंवा खाली करण्याची सोय असते. खाली केले की यंत्राचे नाक दबते व समोरून येणाऱ्या लाटा ते कापत जाते. पण लाटा पाठीमागून येत असतील तर नाक वर ठेवावे. नाहीतर उतरणीवरून ते पुढच्या लाटेच्या पाठीत घुसते आणि सगळे पाणी अंगावर येते. त्याचप्रमाणे हँडल थोडे उंच केले आणि पाय ठेवण्याच्या जागी खरखरीत रबर चिकटवले, म्हणजे उभे राहून गुडघे सैल ठेवून चालवता येते. माणसाचे गुडघे हे जगातले सर्वांत जुने आणि सर्वांत स्वस्त शॉक ॲब्सॉर्बर आहेत. बसून चालवले की प्रत्येक लाट पाठीचा कणा मोजते.

चौथ्या खेपेला दुपारच्या वाऱ्यात यंत्र असे चालले की गिऱ्हाइकाने मामांचा हात हातात घेतला. बैलाची पुन्हा गाय झाली होती.

आणि मग ती दुपार

आता जे सांगायचे आहे त्यासाठी मी हा लेख लिहायचे कबूल केले.

यंत्र सुधारले त्याच दुपारी मामा म्हणाले, "जा, एक फेरी मारून ये. खोडांपासून लांब राहा." मी निघाले. आठवड्यापूर्वी ज्या लाटांवर मी दात आवळून रांगत होते, त्यांवरून आता सरसर जात होते. ना किंचाळणे, ना डोलणे, ना हिसके. वेग किती आहे हे मला कळलेच नाही, कारण वेग कळवणारे सगळे त्रास आम्ही चार खेपांत काढून टाकले होते.

एका खोडांच्या पुंजक्यामागून एक डोंगी बाहेर आली. एक म्हातारा केवट जाळे ओढत होता. माझ्या आणि त्याच्या मध्ये तीस-चाळीस मीटर असतील. घाबरल्यावर सायकलवर बसलेला माणूस जे करतो तेच मी केले. रेसवरचे बोट सोडले आणि हँडल पूर्ण फिरवले.

यंत्र सरळच गेले.

आता हिशेब करून पाहिला तर असा दिसतो : ताशी पन्नास किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला सुमारे चौदा मीटर. दोन सेकंद गोंधळात गेले की अठ्ठावीस मीटर संपले. पाण्याचा विरोध वेग कमी करीत होता, पण अंतर त्याहून लवकर कमी होत होते. मामांनी शंभर वेळा सांगितलेले वाक्य मला आठवले ते तेव्हा, आणि मी पुन्हा रेस दाबली. हँडल वळलेलेच होते. नव्या पंखांनी पाणी धरले आणि यंत्र डोंगीच्या शेजारून निघून गेले. माझ्या लाटेने डोंगी भरली, जाळे खोडात अडकून फाटले आणि केवट कंबरभर पाण्यात उभा राहून डोंगी सावरू लागला. तिथे खोल पाणी नव्हते हे त्याचे आणि माझे नशीब.

मी थरथरत परत वळले, माफी मागितली. त्याने मला एक शब्दही वाईट बोलला नाही. यंत्राकडे बघून एवढेच विचारले, "बेटी, इसमें ब्रेक नहीं है क्या?"

नव्हता. जुन्या यंत्रांना नसतोच. २००९ च्या मॉडेलांपासून बॉम्बार्डिए घराण्याच्या कंपनीने, आणि २०१५ पासून यामाहाने धारेपुढे झाकण आणून ती उलटी वळवण्याची सोय केली. त्यामुळे वेग लवकर कमी होतो. पण जगभर आणि आपल्या किनाऱ्यांवर अशी सोय नसलेली यंत्रे पुष्कळ आहेत.

हा नुसता माझ्या मूर्खपणाचा प्रश्न नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १९९८ साली या वाहनांच्या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसून आले की हौशी बोटींमध्ये ही एकच जात अशी, की जिच्या अपघातांत बुडून मरणाऱ्यांपेक्षा आदळून मरणारे जास्त. रेस सोडल्यावर वळण्याची शक्ती जाते, याकडेही त्या अभ्यासाने लक्ष वेधले होते. म्हणजे माझे बोट जसे आपोआप उठले, तसे ते जगभर उठते.

मामांनी केवटाला जाळ्याचे पैसे दिले आणि परतताना सनावदपर्यंत ते गप्प होते. मी म्हणाले, "मामा, चूक माझी. तुम्ही सांगितलं होतं."

"तुझी आहेच गं," ते म्हणाले, "पण माझीही आहे. महिन्यापूर्वी या गाडीने तुला एवढा वेग घेऊच दिला नसता. आपटून आपटून सांगितलं असतं की हळू चल. मी तिची बोलती बंद केली."

या विषयावर मी नंतर पुष्कळ वाचले, पण याहून नेमके वाक्य मला कुठे सापडलेले नाही. जाळी, पट्टी, पंख हे सगळे भाग यंत्राला पाणी धरायला मदत करतात, आणि ती मदत खरी आहे. शेवटच्या क्षणी मला वळवले ते त्या पंखांनीच. गोव्याच्या किनाऱ्यावरचे जीवरक्षक बुडणाऱ्याकडे जलस्कूटरवरून लाटा फोडत जातात, तेव्हा अशा पकडीवर एखाद्याचा जीव अवलंबून असतो. पण खवळलेले पाणी स्वाराला जी भीती घालते, ती भीतीही एक कामाचा भाग आहे. तो भाग आपण काढून ठेवला, तर त्याच्या जागी दुसरे काहीतरी बसवावेच लागते.

मामांनी काय बसवले ते सांगते. पहिले म्हणजे रेसच्या खटक्याखाली रबराचा एक तुकडा, म्हणजे नवखा माणूस अर्ध्याहून जास्त रेस देऊ शकत नाही. (नव्या यंत्रांत वेग मर्यादित ठेवणारी निराळी किल्लीच मिळते.) दुसरे म्हणजे एक धडा. रिकामा तेलाचा डबा पाण्यावर सोडायचा, हळू वेगाने त्याच्याकडे जायचे आणि मुद्दाम रेस सोडून हँडल फिरवायचे. यंत्र डब्यावर जाते. मग परत यायचे, रेस ठेवून वळायचे. यंत्र डब्याला वळसा घालते. हे वीस वेळा करायचे, बोटाला सवय लागेपर्यंत. डोक्याला माहीत असून उपयोग नाही, डोके माझेही जागेवर होते.

वाचकांपैकी जे पुढच्या सहलीत या वाहनावर बसतील त्यांच्यासाठी चार गोष्टी. जाकीट अंगाला घट्ट बांधा. मनगटाची दोरी इंजिनाच्या बटणाला जोडलेली असते, तुम्ही पडलात की इंजिन बंद होते, म्हणून ती ‘राहू दे’ म्हणू नका. ओढणी, मोकळे केस, लोंबते कपडे नकोत, तळाचे तोंड पाण्याबरोबर तेही ओढते. आणि यंत्र चालू असताना त्याच्या मागे कधीही जाऊ नका, ती धार पाण्याची असली तरी मऊ नसते.

त्या यंत्राचे पुढे काय झाले? ते जुन्या पद्धतीचे टू-स्ट्रोक इंजिन होते, आणि असे इंजिन इंधनाचा बराच भाग न जळताच पाण्यात सोडते. इंदूरच्या नळांना १९७८ पासून जे नर्मदेचे पाणी येते, ते याच धरणाच्या खालच्या अंगाला जलूदहून उचललेले असते. मामी एकदा म्हणाल्या, "तुम्ही तिकडे खेळता, आणि आम्ही इकडे चहा करतो त्याचा!" २०२३ च्या सप्टेंबरात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने भोपाळच्या मोठ्या तलावातल्या क्रूझ व मोटारबोटी बंद करण्याचा आदेश दिला, आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयातही तो टिकला. गिऱ्हाइकाने ती बातमी वाचली आणि यंत्र विकून टाकले. मामांना वाईट वाटले असावे, पण मामींना मुळीच नाही. ॲल्युमिनियमची ती पट्टी मात्र मामांनी काढून ठेवली. ती गॅरेजातल्या खिळ्यावर टांगलेली आहे.

तारकर्लीच्या वाळूत हे सगळे ऐकून माझी मैत्रीण बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे मी घाबरले आणि बोट सोडलं, म्हणून ते वळलं नाही?"

"होय."

"आणि घाबरले नसते तर?"

"तर तू इतक्या हळू गेलीच नसतीस," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी शांत असताना ती पुन्हा गेली. चालकाला तिने आधी एक रिकामा डबा मागितला.